तीन थापा, एक हाक

“यादगिरी, आहेस का रे आत?”

“नाय दादा, कोन नाय! लाव सील!”

आणि मग आतून खी खी हसणं, खराट्याचा दांडा पत्र्यावर आपटल्याचा आवाज, आणि डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढरा झालेला यादगिरी कंटेनरच्या दारातून खाली उडी मारायचा. दिवसातून तीस-चाळीस वेळा हा तमाशा. पहिल्या आठवड्यात मी हसलो, मग वर्षभर शिव्या घातल्या, नंतर सवय झाली. एखाद्या दिवशी तो खोकल्यानं आजारी म्हणून आला नाही तर मला यार्ड खायला उठायचं. हे त्याला मी कधी बोललो नाही. आमच्याकडे पुरुष माणसं असलं काही बोलत नाहीत, आणि मी तर मुळातच तिरसट.

मी हसुराम घरत. बंदर आलं तेव्हा आमची सव्वा एकर खारजमीन त्यात गेली. तिच्या बदल्यात वीस वर्षं मोर्चे काढून मला नोकरी मिळाली, तीही बंदरात नव्हे, बंदराबाहेरच्या रिकाम्या कंटेनरांच्या यार्डात. बोटीतून आलेला माल कुठं इंदूरला, कुठं नागपूरला उतरला की रिकामे डबे आमच्याकडे यायचे. आम्ही कंटेनरला डबाच म्हणतो. ते डबे झाडायचे, तपासायचे, दाराला सील ठोकायचं आणि ट्रेलरवरून परत बंदरात पाठवायचे. सील म्हणजे बोटाएवढा लोखंडी खिळा. एकदा दाबून बसवला की कटरनं कापल्याशिवाय निघत नाही. आणि डब्याचं दार आतून उघडत नाही. एवढं समजलं की माझी नोकरी समजली.

झाडायचं काम यादगिरीचं. तो पालमूरकडचा, तेलंगणातला. ट्रेलर रांगेत उभे असायचे, वर डबे, दारं सताड उघडी. यादगिरी खाली चपला काढून ठेवायचा आणि अनवाणी वर चढायचा. “पाटाला पाय लागतो तसं वाटतं दादा,” म्हणायचा. डब्याच्या लाकडी तळाला काय पाट म्हणायचं! पण त्यामुळे माझी सोय झाली होती. खाली चपला दिसल्या की समजायचं, बाबा आत आहे.

तरी मी नुसत्या चपलांवर कधी भरवसा ठेवला नाही. मला हे काम पदाजी तांडेल म्हणून एका म्हाताऱ्यानं शिकवलं होतं. त्याच्या वेळी एक मजूर दुपारच्या डुलकीत डब्यात बंद झाला होता आणि बोटीवर चढता चढता सापडला होता. तेव्हापासून तांडेलकाकांचा नियम ठरलेला: दारावर सळईनं तीन थापा, मग एक हाक, मग दहा आकडे मोजायचे आणि मगच सील. मी नवा असताना एकदा हाक गाळली. काकांनी माझ्या हातातली सळई काढून घेतली.

“थाप काय, कोणीपन मारतं,” ते म्हणाले. “आतल्याला काय कलणार थाप कोनाची? हाक मार भडव्या, तोंड नाय काय तुला?”

तेव्हापासून मी हाक कधी सोडली नाही. आत यादगिरीच असायचा, म्हणून त्याच्याच नावानं मारायचो.

यादगिरीच्या पाचव्या वर्षी, मार्चमध्ये, एका सोमवारी, फाट्यावर ट्रेलरखाली शेजारच्या गावचा भालचंद्र सापडला. चोवीस वर्षांचा, लग्न ठरलेला, साखरपुड्याची अंगठी बोटात. ड्रायव्हर परप्रांतीय होता, तो गाडी टाकून पळाला. सकाळी एका गावाचं दुःख होतं ते संध्याकाळपर्यंत बारा गावांचं झालं. जमिनी आमच्या गेल्या, नोकऱ्या ठेकेदारांनी बाहेरच्यांना दिल्या, आणि वर आमचीच माणसं चिरडतात, असं जो तो म्हणू लागला. त्यात खोटं काही नव्हतं. मीही चावडीवर तेच बोललो, चांगलं मोठ्यानं बोललो.

मंगळवारी सकाळी कामावर गेलो तर माझा मावसभाऊ कमळाकर फाट्यावर माणसं जमवत होता. कमळाकर युनियनचा पुढारी, आवाज भसाडा, मनानं वाईट नाही पण एकदा पेटला की विझत नाही. त्यानं मला बघून हात केला. “आज बाहेरचा एकपन दिसला नाय पाहिजे, दादा. सांग तुझ्या यार्डात.”

मी यार्डात जाऊन यादगिरीला शोधलं. तो नळापाशी हातपाय धूत होता.

“निघ,” मी म्हणालो. “आत्ताच्या आत्ता. मागच्या तारेतून जा, तिवरांच्या झाडीतून खाडीच्या कडेकडेनं स्टेशन गाठ. मागं बघू नको.”

“अठरा डबे राह्यलेत दादा झाडायचे.”

“झाडलेस तेवढे पुरे झाले, गाढवा! माणसं येतायत मारायला!”

तो माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं मी नेहमीसारखा डाफरतोय. तेवढ्यात गेटवर आरडाओरडा झाला, वॉचमनच्या केबिनची काच फुटली, आणि त्याचं हसणं गेलं. मी गेटकडे वळलो. तो कुठं पळाला ते मी पाहिलं नाही. तिवरांकडेच गेला असणार, असं मी धरून चाललो.

साठेक माणसं आत आली. त्यांतली निम्मी मी अंगाखांद्यावर खेळवलेली. त्यांनी दोन परप्रांतीय वेल्डरांना केबिनमागून ओढून काढलं आणि काठ्यांनी मारलं. एकाचा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी काय केलं? मी उभा होतो. हातात सळई होती आणि मी उभा होतो.

कमळाकर माझ्यापाशी आला. “दादा, तुझा तेलंगी भाऊ कुठंय?”

पोरं हसली. कोणीतरी म्हणालं, “भाऊ कसला, जावई!” मी आणि यादगिरी जेवणाचा डबा वाटून खातो, माझ्या घरचे सुके बोंबील आणि त्याच्या घरची चिंचेची चटणी, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आतापर्यंत कोणी त्यावर बोललं नव्हतं. माझे कान तापले.

“मला काय माहीत?” मी म्हणालो. “माझा काय संबंध?”

एवढ्यात साहेबांचा फोन आला. साहेब मुंबईत बसून सगळं चालवत. त्यांना काच, वेल्डर, काही ऐकायचं नव्हतं. चाळीस डबे ट्रेलरवर चढवून उभे आहेत, बोटीसाठी बंदराचं गेट दोनला बंद होणार, ही बोट चुकली तर पुढची दहा दिवसांनी. “रस्ता अजून उघडा आहे, घरत. ड्रायव्हर तुमच्याच गावचे आहेत. तुमच्या भावाला सांगा आणि काढा गाड्या.”

मी कमळाकरला सांगितलं. ट्रेलर गाववाल्यांचे, म्हणून त्यानं फार ताणलं नाही. “अर्धा तास,” तो म्हणाला. “मग रस्ता बंद.” आणि माणसं घेऊन गेटवर जाऊन उभा राहिला.

अर्ध्या तासात चाळीस डबे. मी आयुष्यात एवढ्या घाईनं काम केलं नव्हतं. दारं ओढायची, दांडे फिरवायचे, थापा मारायच्या, सील ठोकायचं. पुढचा डबा. थापा, सील. थापा, सील. खाली चपला कुठंच नव्हत्या, ते मी बघत होतो. काही डब्यांच्या दाराची एकच फळी उघडी होती, काहींची दोन्ही. हात सोलवटले. शेवटचं सील बसलं तेव्हा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. चाळीस ट्रेलर एकामागोमाग गेटबाहेर पडले आणि मी नळाखाली डोकं धरलं.

ट्रेलर बंदरात पोचलेच नाहीत. फाट्यावर आमच्याच लोकांनी झाडं तोडून आडवी टाकली होती, पलीकडच्या गावांनी कमळाकरच्या अर्ध्या तासाची वाट पाहिली नव्हती. पुढं झाडं, मागं आणखी गाड्या. ड्रायव्हर गाड्या बंद करून, किल्ल्या खिशात टाकून घरी गेले. गावचेच ते, त्यांना कोण अडवणार?

दोन दिवस बंदर मेल्यासारखं पडलं होतं. क्रेन वर करून ठेवलेल्या. समुद्रात बोटी नांगर टाकून उभ्या. आमच्या टेकडीवरून मी अकरा मोजल्या. रस्त्यावर ट्रेलरांची रांग महामार्गापर्यंत गेली होती. द्राक्षांच्या गार डब्यांचं डिझेल संपलं आणि बुधवारी सकाळपासून आंबूस वास सुटला, माश्यांचे थवे आले. टीव्हीवर माणसं किती कोटींचं नुकसान झालं ते सांगत होती आणि आमची पोरं त्या आकड्यांना टाळ्या पिटत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आमची दखल घेत होतं.

बुधवारी मीही फाट्यावर गेलो. न जाऊन चालणार नव्हतं, आधीच माझ्या नावानं कुजबुज होती. तिथं जत्राच होती. बायकांनी चुली मांडल्या होत्या, भाताची मोठी पातेली उतरत होती, पोरं काठ्यांनी डब्यांचे पत्रे ढोलासारखे बडवून घोषणा देत होती. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. मी ट्रेलरच्या सावलीत, चाकाला पाठ लावून बसलो आणि दोन वेळा भात मागून घेतला.

गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास माझ्या बायकोनं, सुगंधानं, मला अंगणातून हाक मारली. दारात चंद्रम्मा उभी होती, यादगिरीची बायको. ती मुंबईत बांधकामांवरच वाढली, मराठी तुमच्या-आमच्यासारखी बोलते. त्या दिवसांत बाहेरच्या बाईनं आमच्या गावातून एकटीनं चालत येणं म्हणजे केवढं धाडस! ओट्याओट्यावरून लोक बघत होते.

“दादा, ते तुमच्याकडे आहेत ना?” तिनं विचारलं.

“नाही ग. तो मंगळवारीच निघाला. तिवरांतून स्टेशनवर. गावी गेला असेल.”

“मला न सांगता?”

सुगंधानं तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही. तिनं पिशवीतून चपला काढल्या आणि माझ्यापुढं ओट्यावर ठेवल्या. टायरच्या तळाच्या, एकीचा पट्टा निळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेला. “वॉचमननं दिल्या. नळामागं पडल्या होत्या म्हणाला. अनवाणी माणूस तिवरांत जाईल का दादा?”

मी खाडीकाठी जन्मलो. तिवरांच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात, वस्तऱ्यासारखी. पायात काही नसलं की दहा पावलांत तळवे फाटतात. यादगिरी पाच वर्षं इथं होता, त्यालाही ते माहीत होतं. अनवाणी माणूस तिवरांत जाणार नाही. अनवाणी माणूस जिथं रोज अनवाणी जातो तिथं जाईल.

 मी ओट्यावर बसलो.

“मंगळवारी डबे कोणी बंद केले?” चंद्रम्मानं विचारलं. ती माझ्या आधीच तिथं पोचली होती.

“मी.”

तिचा चेहरा एकदम सैल पडला. सुटल्यासारखा श्वास टाकला तिनं. “मग डब्यात नसणार. तुम्ही हाक मारल्याशिवाय दार लावत नाही. ते नेहमी सांगायचे.”

 मागच्या पडवीत मोठा कटर होता तो घेतला, सुगंधाला म्हटलं हिला घरातच बसव, आणि फाट्याकडे पळत सुटलो. पंचावन्न वर्षांचा माणूस, लुंगीवर, हातात कटर. रस्त्यात दोघांनी विचारलं, “काय रं हसूदादा, कोनाला कापतोस?”

आमचे चाळीस ट्रेलर फाट्यापासून मागं रांगेनं उभे होते. कमळाकर पहिल्याच्या सावलीत पेपर वाचत बसला होता. पहिल्या पानावर त्याचा फोटो आला होता.

“कमळ्या, मला डबे उघडायचेत.”

“कशाला? रिकामेच हायत ना?”

“रिकामे नाहीत.”

तो उठला. पोरं जवळ आली. “काय हाय आत? दादा, चोरून काय माल टाकलाय काय?”

“माणूस आहे,” मी म्हणालो. “यादगिरी आहे. मंगळवारपासून.”

कमळाकरनं पेपर खाली ठेवला. त्यानं रांगेकडे पाहिलं, मग पोरांच्या हातातल्या काठ्यांकडे. त्या डब्यांवर दोन दिवस ढोल वाजत होते. “अरे देवा,” तो म्हणाला. “मग तो बोंबलला का नाय? आम्ही हितंच होतो की रं!”

“म्हणूनच,” मी म्हणालो.

मी पहिल्या डब्यापाशी गेलो, कटरच्या मुठीनं तीन थापा मारल्या आणि ओरडलो, “यादगिरी! आहेस का रे आत?”

आणि खरं सांगायचं तर मंगळवारी मी हेच केलं नव्हतं. थापा मारल्या होत्या, चाळीसही डब्यांवर मारल्या होत्या. हाक एकाही डब्यापाशी मारली नव्हती. नंतर मी स्वतःची समजूत घालत आलो, की मी हाक मारली असती आणि त्यानं ‘ओ’ दिली असती तर पोरांनी तिथंच त्याला ठेचला असता. खोटं आहे ते. पोरं गेटवर होती, शंभर पावलांवर, आपल्याच घोषणांच्या गोंगाटात. फळीला तोंड लावून हळूच म्हटलं असतं तरी चाललं असतं. दार दोन वीत उघडून डोकावलं असतं तरी चाललं असतं. मला भीती वेगळीच होती. ते नाव माझ्या तोंडून कोणी ऐकेल, आणि पुन्हा हसतील, याची. चाळीस डब्यांवर मी मुक्या थापा मारल्या. आत अंधारात बसलेल्या माणसानं काय समजायचं? बाहेर सळई आपटत कोण फिरतंय? तांडेलकाकांनी सांगितलं होतं ना, थाप कोणीपण मारतं.

दुसरा डबा. तिसरा. मी ओरडत होतो, माझा आवाज फाटत होता. आधी पोरं नुसती मागून चालत होती. मग त्यांतला एक ओरडला, “यादगिरी!” मग दुसरा. कमळाकरच्या भसाड्या आवाजात ते नाव ऐकताना मला कसंसंच झालं. थोड्या वेळानं फाट्यावरची दीडदोनशे माणसं त्या नावानं ओरडत होती. कुठूनच उत्तर येईना.

“कापा,” कमळाकर म्हणाला. “सगले कापा.”

आम्ही कापत गेलो. दार उघडायचं, आतून भट्टीसारखी वाफ यायची, रिकामं. पुढचं. हाताला फोड आले तेव्हा कमळाकरनं कटर घेतला. तेविसावा डबा. बुधवारी मी ज्याच्या चाकाला टेकून भात खाल्ला, तो हाच की याच्या शेजारचा, हे मी आजवर नक्की ठरवू शकलो नाही. ठरवायचा प्रयत्न खूप केला.

दार उघडलं आणि वास आला. मी पहिला वर चढलो. पार टोकाच्या कोपऱ्यात यादगिरी अंगाची जुडी करून बसला होता. ओठ काळे, डोळे खोल गेलेले. शेजारी प्लास्टिकची बाटली, कोरडी. जिवंत होता. उजेड आला तसा तो आणखी मागं सरकायला बघू लागला, पण मागं पत्राच होता.

“यादगिरी, मी आहे. हसूदादा.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. मला जोडले. मारू नका, म्हणून.

त्याच्या दातांत पंच्याचा बोळा होता. धुळीपायी तो खोकायचा, तुम्हाला सांगितलंच. खोकल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं पंचा तोंडात कोंबून धरला होता, दात रुतून तो जागोजाग फाटला होता. मी त्याच्यापाशी गुडघे टेकले, बोळा काढला आणि माझ्या कमरेला खोचला. पाठमोरा होतो, मागच्या कोणाला दिसलं नाही. तेव्हा मी असं का केलं ते मला कळलं नव्हतं. नंतर कळलं.

कमळाकर वर आला, त्यानं यादगिरीला लहान मुलासारखा उचलला. हा तोच कमळाकर. खाली उतरताना रडत होता आणि ओरडत होता, “झाडं काढा! झाडं काढा रे, टेम्पो येऊ द्या!” दोन दिवस पोलिसांना जी झाडं हलवता आली नव्हती ती चार मिनिटांत बाजूला झाली. टेम्पोत मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ओल्या फडक्यानं ओठ पुसत राहिलो. सारखा बोलत होतो त्याच्याशी. वाट्टेल ते बोलत होतो. अठरा डबे राह्यलेत रे, कोण झाडणार, तुझा बाप?  त्याचे डोळे माझ्यावर होते, पण ओळख होती की नाही देव जाणे.

तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलात सलाईन लावली. शुक्रवारी पहाटे तो गेला. शुक्रवारीच दुपारी आंदोलन मिटलं. मंत्र्यांनी आश्वासन दिलं, रस्ता मोकळा झाला, बोटी एकेक करून धक्क्याला लागल्या. आमचे चाळीस डबे झाडून, नवी सीलं लावून पुढच्या बोटीनं गेले. भालचंद्राच्या भावाला नोकरी मिळाली, आणि ती त्याला मिळायलाच हवी होती.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. हवालदार आमच्याकडचाच होता. “नियमाप्रमाणे थापा मारल्या, हाक मारली, उत्तर आलं नाही, असंच ना?” त्यानं विचारलं. लेखणी कागदावरच होती. मी मान हलवली. खाली अंगठ्याएवढी सही केली. कामगार झोपला असावा, असा शेवटी निष्कर्ष निघाला.

तेरा-चौदा दिवसांनी चंद्रम्मा घरी आली. गावी निघाली होती, कायमची. बरोबर एक पत्र्याची पेटी, गाठोडं आणि कडेवर लहान मुलगी. सुगंधानं तिला जेवायला वाढलं, माझ्यासमोरच बसून ती जेवली. मग हात धुऊन आली आणि माझ्यापुढं उभी राहिली.

“एकच विचारते दादा. खरं सांगा. हाक मारली होती ना?”

सुगंधा दारात उभी होती. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. मला वाटलं आता सांगून टाकावं. तोंड उघडलंही.

“हो,” मी म्हणालो. “मारली होती.”

तिनं मान डोलावली. जणू तिला हेच ऐकायचं होतं, आणि हेच नको होतं. “म्हणजे झोपलेच असणार,” ती म्हणाली. “झोप तशीच होती त्यांची. शेजारी ढोल वाजला तरी उठायचे नाहीत. किती वेळा सांगितलं मी, अशी मेल्यासारखी झोप बरी नाही. एवढी माणसं मारायला फिरतायत आणि हा माणूस झोपतो!” तिचा आवाज चढला. ती रागावली होती, मनापासून रागावली होती त्याच्यावर. मग तिनं पदरानं डोळे पुसले. “तुमचा काही दोष नाही दादा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

जाताना तिनं चिंचेच्या चटणीची बरणी सुगंधाच्या हातात दिली. चपला पिशवीतच होत्या, त्या ती घेऊन गेली.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. कमळाकर गेला, सुगंधा गेली. पंचा मी खाडीत टाकला, पण तो खाडीत गेला म्हणून काही संपलं नाही. पालमूरकडे कुठल्याशा गावात चंद्रम्मा असेल, तिची मुलगी आता मोठी झाली असेल, आणि बाप कसा गेला असं तिनं विचारलं की चंद्रम्मा तिला सांगत असेल, झोपेमुळे गेला. तो झोपला नव्हता. पन्नास तास डोळा लागू न देता, खोकला गिळून, तो ओळखीच्या एका हाकेची वाट बघत होता.